दलाल बदलताना

सरकारी नोकराला बदलीची सवय इतकी अंगवळणी पडलेली असते की, गाव बदलले, मुलांची शाळा बदलली, दूधवाला बदलला, तरी त्याच्या मनाला फारसे ओरखडे उठत नाहीत. परंतु आपण होऊन दुसऱ्या कुणाला बदलायचे म्हटले की, हाच माणूस कमालीचा बिचकतो. याचे कारण उघड आहे. बदलीच्या हुकुमावर आजवर सही नेहमी वरच्याची असे. आपण फक्त गाशा गुंडाळायचा. गेल्या वर्षी आमचे दिल्लीचे घर विकायला काढले आणि सात महिने ते विकले गेले नाही, तेव्हा एका माणसाच्या बदलीचा हुकूम मलाच काढावा लागणार अशी चिन्हे दिसू लागली. तो माणूस म्हणजे आमचा दलाल.

दलाल हा शब्द आपण मराठीत जरा नाक मुरडूनच उच्चारतो. मूळ अरबी शब्दाचा अर्थ मात्र वाट दाखविणारा असा आहे. दिल्लीत त्याला प्रॉपर्टी डीलर म्हणतात. प्रत्येक वसाहतीच्या बाजारात किराणा दुकान आणि औषधांचे दुकान यांच्यामध्ये त्याची एक काचेची खोली असते. आत टेबल, भिंतीवर गुरू नानकांचे किंवा लक्ष्मीचे चित्र, आणि एका फळीवर खिळ्यांना टांगलेल्या किल्ल्या. आमचा दलाल त्या फळीइतकाच जुना. माझी गुवाहाटीला बदली झाली त्या तीन वर्षांत आमच्या घरात भाडेकरू त्यानेच ठेवला, भाडे न चुकता बँकेत भरले, आणि एका पावसाळ्यात गच्ची गळू लागली तेव्हा स्वतः उभे राहून ती दुरुस्त करून घेतली. त्याबद्दल त्याने खर्चाच्या पावत्यांपलीकडे काही मागितले नाही. अशा माणसाला काढायचे कसे?

घराविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. दिल्ली विकास प्राधिकरणाने १९७९ साली नव्या पद्धतीची नोंदणी योजना काढली, तेव्हा सुमारे एक लाख सत्तर हजार लोकांनी नावे नोंदविली. त्यांत नुकताच नोकरीला लागलेला मीही होतो. त्या यादीतल्या कित्येकांना घर मिळायला पुढचे शतक उजाडले. आमचा क्रमांक त्या मानाने लवकर लागला आणि मयूर विहारच्या पहिल्या टप्प्यात, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचे मध्यम उत्पन्न गटातले घर मिळाले. तेव्हा यमुनेपलीकडे राहायला जातो असे सांगितले की, दिल्लीकर मित्र सहानुभूतीने बघत. पुढे २००९ मध्ये मेट्रो आली आणि सहानुभूतीची जागा हेव्याने घेतली. मधल्या काळात पट्टा हक्काचे मालकी हक्कात रूपांतर करण्याची योजना १९९२ पासून सुरू झाली होती. तेही सोपस्कार आम्ही उरकून घेतले. कागदपत्रे स्वच्छ, घर प्रकाशाचे. उणीव एकच, लिफ्ट नाही. अडतीस पायऱ्या. सौभाग्यवतींचे गुडघे त्या अडतीस पायऱ्या मोजू लागले, तेव्हा पुण्याला मुलीच्या जवळ लिफ्टच्या इमारतीत घर घ्यायचे ठरले. तिकडचा प्रत्येक स्लॅब पडला की हप्त्याचे पत्र येई. इकडे गिऱ्हाईक पत्ता लागू देईना.

भाव जास्त होता का? हा पहिला प्रश्न, आणि तो दलालाला विचारण्यात अर्थ नाही, हे मला लवकरच कळले. दिल्लीत दलाल बहुधा दोन्ही पक्षांकडून शेकडा एक घेतो. आमची अपेक्षा एक कोटी चाळीस लाखांची. म्हणजे माझ्याकडून त्याला एक लाख चाळीस हजार. मी दहा लाखांनी खाली आलो तर माझे दहा लाख जातात, त्याचे फक्त दहा हजार. मग भावासाठी त्याने चार महिने घसा का कोरडा करावा? अमेरिकेत स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सायव्हर्सन या अर्थशास्त्रज्ञांनी शिकागो परिसरातल्या जवळजवळ एक लाख घरांच्या विक्रीचा हिशेब तपासून २००८ मध्ये असे दाखविले की, दलाल जेव्हा स्वतःचे घर विकतो, तेव्हा ते सरासरी साडेनऊ दिवस जास्त थांबून ३.७ टक्के जास्त किमतीला विकतो. स्वतःचे म्हटले की धीर धरवतो! यात दलालाची लबाडी आहे असे मला वाटत नाही. दलालीच्या गणिताचीच ती करामत आहे. पण गणित समजले की सल्ल्याचे वजन करता येते. मी आमच्याच गल्लीतल्या, मागच्या वर्षी विकलेल्या तीन घरांचे भाव त्या घरांच्या पूर्वीच्या मालकांना विचारून घेतले. आमची किंमत त्यांच्या मध्येच बसत होती.

एव्हाना दुसरा एक दलाल दारी येऊन गेला होता. तरुण, चुरचुरीत, हातात मोठा फोन. त्याने घर पाहिले आणि एक कोटी पंचावन्न लाख आणून देतो म्हणून सांगितले. हे ऐकून मला आनंद होण्याऐवजी संशयच आला. घर हाती यावे म्हणून आधी भाव फुगवायचा आणि मग दर पंधरवड्याला मालकाला एकेक पायरी खाली उतरवायचे, ही या धंद्यातली जुनी युक्ती आहे. पायऱ्यांचा तिटकारा आम्हांला आधीच होता. त्याला नकार दिला.

मग एके रात्री सौभाग्यवतींनी एक प्रश्न विचारला. त्या बँकेत नोकरीला होत्या, आणि प्रश्न बँकेतलाच होता. “अहो, त्यांनी आणलेल्या एकोणीस माणसांपैकी कर्ज काढून घर घेणारी किती होती?”

मी वही काढली. घर पाहायला येणाऱ्या प्रत्येकाची नोंद मी ठेवीत असे. कचेरीची खोड, दुसरे काय! एकोणीसांपैकी सोळा आसपासचे व्यापारी होते. आणि त्या सोळांपैकी अकरांनी, कुणी आडून, कुणी सरळ, एकच गोष्ट विचारली होती : चेकने किती आणि हातात किती? स्थावराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला आयकर कायद्याने १ जून २०१५ पासून मनाई केली आहे. कायदा नसता तरी छत्तीस वर्षे ज्या हातांनी सरकारी कागदांवर सह्या केल्या, त्या हातांत नोटांची पिशवी घेण्याची माझी तयारी नव्हती. दलाल म्हणे, “साहेब, तुमचा हट्टच घर विकू देत नाही.” त्याच्या दृष्टीने ते खरेही होते. त्याची सारी ओळख बाजारातली. तिथे रोकड फिरते.

परंतु कर्ज काढणारा गिऱ्हाईक वेगळ्या जातीचा असतो. कागदावर किंमत कमी लिहिली तर बँक कर्जही कमी देते. म्हणून पूर्ण किंमत कागदावर यावी अशी त्याचीच इच्छा असते. त्याला हवी असतात निर्मळ कागदपत्रे, आणि ती आमच्याकडे होती. असा गिऱ्हाईक बाजारात भेटत नाही. तो नोएडातल्या कचेऱ्यांत काम करतो आणि सुटीच्या दिवशी फोनवर घरे पाहतो. आमच्या दलालाकडे तो येतच नव्हता. हे ध्यानात आल्यावर माझ्या मनातली सात महिन्यांची कुरकुर एकदम बंद पडली. त्याच्या प्रामाणिकपणाचा किंवा कष्टांचा प्रश्नच नव्हता. आम्हांला जायचे होते त्या गावाचा रस्ता या वाटाड्याला ठाऊक नव्हता, इतकेच.

आता राहिली काढण्याची रीत. २०१६ च्या रेरा कायद्यात दलालांच्या नोंदणीची तरतूद आहे. पण ती त्या कायद्याखाली नोंदलेल्या गृहप्रकल्पांतल्या विक्रीपुरती. आमच्यासारख्या जुन्या घरांच्या हस्तांतराला आधार १८७२ च्या भारतीय करार कायद्याचाच. मालकाला दलालाचा अधिकार काढून घेता येतो, मात्र वाजवी सूचना द्यावी लागते; आणि वेगळा करार नसेल तर काम पुरे झाल्याखेरीज दलालीचे देणे लागत नाही. इतके सोपे. खरा तंटा होतो तो पुढे : जुन्या दलालाने दाखविलेला गिऱ्हाईक नव्या दलालाच्या हाताला धरून परत आला तर दलाली कुणाची? मालकाला दोनदा भरण्याची पाळी येते ती इथे. म्हणून मी वहीतल्या एकोणीस जणांची यादी दोन प्रतींत उतरविली. खाली लिहिले की, यांपैकी कुणाशीही सहा महिन्यांत व्यवहार झाला तर दलाली तुमची. शिवाय पूर्ण रक्कम चेकने देणारा कुणी तुम्ही यापुढे आणलात तर तीही तुमचीच. पंधरा दिवसांची मुदत घातली आणि पत्र टपालाने न पाठवता स्वतः घेऊन गेलो. ज्याने आपली गच्ची दुरुस्त केली त्याला टपालाने कळवणे मला प्रशस्त वाटले नाही.

त्याने पत्र दोनदा वाचले. मग यादीवर बोट ठेवून म्हणाला, “यातल्या सातव्याला खोडा. तो माझा मेहुणा आहे, तो कधीच घेणार नव्हता. महिनाभर कुणीच आले नाही, तुम्हांला वाईट वाटू नये म्हणून पाठविला होता.”

मी सातवे नाव खोडले. दोन्ही प्रतींवर दोघांच्या सह्या झाल्या. नवा दलाल मी नोएडातला निवडला, पंचावन्न लाखवाला नव्हे. पहिल्याच भेटीत भावाचा शब्दही न काढता त्याने रूपांतराचा दस्तऐवज पाहायला मागितला होता. त्याला किल्ली हवी होती. जुन्याने फळीवरच्या चौथ्या खिळ्यावरून ती काढली, तिच्यातला गुवाहाटीच्या वेळचा पुठ्ठ्याचा तुकडा सोडवून खणात ठेवला, आणि कुलूप पावसाळ्यात अडते, किल्ली जरा वर उचलून फिरवायला त्याला सांगा, म्हणाला.