गैरहजर म्हणजे पास नव्हे

शनिवारी इशानंतर जेवणं उरकली तरी लेक लॅपटॉपसमोरून उठेना. आम्ही नवरा-बायको दोघंही शिक्षक. तिचं सॉफ्टवेअरचं काम आम्हाला वरवरच कळतं. पडद्यावर शेवटी लिहिलं होतं, ‘नापास : ०’. आम्ही म्हणालो, “मुबारक हो बेटा!”

ती हसली नाही. “अब्बू, त्याच्या वरची ओळ वाचा. वगळलेल्या : ४०.”

मग तिने समजावलं. दुसऱ्या संगणकावरच्या फाइली नेटवर्कवरून आपल्याच असल्यासारख्या वापरता याव्यात, म्हणून सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ साली एनएफएस ही पद्धत आणली. तिचा प्रोग्रॅम अशा साठ्यावर नीट चालतो का, हे या ४० चाचण्या तपासायच्या. पण त्यांना लागणारा सर्व्हर केव्हाच बंद पडला होता. तो सापडला नाही की चाचणी गुपचूप बाजूला व्हायची आणि सगळे निश्चिंत राहायचे.

हे मात्र आम्हाला चटकन कळलं. परीक्षेला गैरहजर मुलापुढे आपण नापास लिहीत नाही. पण पासही लिहीत नाही.

तिने लॅपटॉपमध्येच तीन व्हर्च्युअल मशीन उभी केली : एक सर्व्हर, दोन वापरणारी. चाचण्या चालवल्या, तर बऱ्याच नापास! बहुतेक ठिकाणी चूक चाचणीचीच होती. उघडी असलेली फाइल पुसली, तर एनएफएस तिला लपलेलं नाव देऊन तिथेच ठेवतं. चाचणी मात्र फोल्डर रिकामं समजत होती. दुसऱ्या मशीनवरून आलेल्या ‘रूट’ला, म्हणजे सर्वाधिकाऱ्याला, सर्व्हर सहसा परकाच मानतो, चाचणी त्याच्या अधिकारावर विसंबून होती.

एक दोष मात्र खरा निघाला. फाइलची माहिती लिनक्स एरवी ३ ते ६० सेकंद स्वतःजवळ जपून ठेवतं. त्यामुळे एका मशीनने लिहिलेलं दुसऱ्याला लगेच दिसत नव्हतं, आणि दुसरं मशीन जुन्याच मजकुरावर काम करून नवा पुसून टाकत होतं. “अम्मी, हा कुणाच्या पगाराचा हिशेब असता तर?” तिने विचारलं.

रविवारी फजरपर्यंत तिने दुरुस्ती केली. आता या चाचण्या रोज रात्री चालतात. सर्व्हर मिळाला नाही, तर वगळल्या जात नाहीत, नापास ठरतात.

सोमवारी आम्हाला शाळेतला पेन ड्राइव्ह आठवला. दहावीच्या अंतर्गत गुणांची प्रत त्यात ‘सुरक्षित’ होती. ती उघडून कुणी पाहिली नव्हती. आम्ही पाहिली. फाइल उघडलीच नाही.

मूळ फाइल शाबूत होती, अलहम्दुलिल्लाह. नवी प्रत केली, दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिली. आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आम्ही ती उघडतो. पाच मिनिटं लागतात.