येवल्याची घोषणा आणि ‘जाहीर करणे’ याचा कायद्यातला अर्थ

दरवर्षी १३ ऑक्टोबरला येवल्याच्या मुक्तिभूमीवर गेलं की कुणीतरी तरुण कार्यकर्ता विचारतोच : घोषणा १९३५ ला, दीक्षा १९५६ ला; मग मधली एकवीस वर्षं ती नुसती घोषणाच होती का? असं विचारणाऱ्यावर चिडणारे आपल्यात पुष्कळ आहेत. मला प्रश्न रास्त वाटतो. ‘नुसती’ हा शब्द मात्र खटकतो. येवल्यात बोलणारा माणूस बॅरिस्टर होता.

जमिनीवरून भांडण झालेल्या घरात ‘डिक्लेरेशनचा दावा’ हे शब्द लहान पोरांनाही ठाऊक असतात. हक्क माझा आहे असं ठरवून जाहीर करून मिळावं, अशी त्यात मागणी असते. कोर्ट इथे नवा हक्क देत नाही, असलेल्या हक्कावर शिक्का मारतं. पण स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट, १९६३ च्या कलम ३४ ला एक अट जोडलेली आहे. घोषणेच्या पुढचं काही मागता येत असताना जो ते मागत नाही, त्याला कोर्ट नुसती घोषणा देत नाही. ताबा गेला असेल तर ताबाही मागा, कुणी अडवत असेल तर मनाईही मागा.

ही गोष्ट आपल्या विरोधकांना आधीपासून पाठ होती. चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सवर्णांनी बाबासाहेबांवर आणि सहकाऱ्यांवर दावा लावला, तो असाच दुहेरी : तळं स्पृश्यांचं खासगी आहे असं जाहीर करा, आणि अस्पृश्यांना तिथे कायमची मनाई करा. मुंबई हायकोर्टाने मार्च १९३७ मध्ये निकाल आपल्या बाजूने दिला. म्हणजे येवल्याच्या व्यासपीठावर उभे असताना बाबासाहेब त्या खटल्यात प्रतिवादीच होते. घोषणा आणि तिच्यापुढची मागणी यांतला फरक त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

कायद्याच्या हिशेबाने येवल्यात त्या दिवशी काहीच बदललं नाही. हिंदू म्हणून मरणार नाही, हे पुढच्या काळाबद्दलचं बोलणं होतं; कागदावर सगळे होते तिथेच राहिले. पण त्याच परिषदेत काळाराम मंदिराचा, १९३० पासून चाललेला सत्याग्रह थांबवायचं ठरलं. मागणीच बदलली. दार उघडा म्हणणं संपलं, बाहेर पडणं सुरू झालं. याला ‘नुसती’ कसं म्हणायचं?

जाहीर करण्याचं खरं वजन कळलं ते दीक्षेनंतर, आणि ते आपल्याच लोकांना सोसावं लागलं. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात हिंदूखेरीज अन्य धर्म मानणाऱ्याला अनुसूचित जातीचं धरलं जात नव्हतं. १९५६ मध्ये त्यात शीख आले, बौद्ध नाहीत. मग ‘धर्म मानणं’ म्हणजे काय, हा प्रश्न सुप्रीम कोर्टापर्यंत गेला तो महाराष्ट्रातूनच. पंजाबराव विरुद्ध डी. पी. मेश्राम, १९६४. राखीव जागेवर निवडून आलेल्या आमदाराने आधीच बौद्ध धम्म स्वीकारला होता, अशी तक्रार होती. कोर्टाने म्हटलं की मनातल्या श्रद्धेत आम्ही शिरत नाही. जुना धर्म सोडला, नवा घेतला असं चारचौघांत, संबंधितांना कळेल अशा रीतीने जाहीर केलं असेल, तर तेवढं पुरे. निवडणूक रद्द झाली.

कायद्यात घोषणा ही कृती आहे आणि तिची किंमत वसूल होते, याचा याहून स्पष्ट दाखला मला माहीत नाही. राज्याने १९६० नंतर सवलती दिल्या, पण केंद्राच्या आदेशात बौद्ध शब्द यायला १९९० उजाडलं. चौतीस वर्षं. त्या काळात ज्यांनी घरात बुद्धवंदना म्हटली आणि शाळेच्या रजिस्टरात ‘हिंदू महार’ लिहिलं, त्यांना आजची काही मुलं भित्रे म्हणतात. मला हे पटत नाही. पोराची केंद्राची नोकरी समोर असताना काय लिहाल, हे त्यांनी स्वतःला विचारावं.

आज त्याच नोंदी आमच्याकडे येतात. नाशिकमधल्या एका वस्तीतला मुलगा इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी दाखला काढायला गेला. त्याच्या शाळेच्या दाखल्यावर ‘बौद्ध’, वडिलांच्या दाखल्यावर ‘हिंदू महार’. खिडकीतल्या माणसाने विचारलं, यातलं खरं कोणतं? मुलगा गप्प झाला. एम.ए.ला समाजशास्त्रात ‘ओळख’ या विषयावर मी पानंच्या पानं लिहिली, पण या प्रश्नाचं उत्तर तिथे नव्हतं. ते कायद्यात आहे : दोन्ही खरं. धर्म जाहीर करता येतो, जात मात्र सिद्ध करावी लागते. २००० च्या जात प्रमाणपत्र कायद्यात सिद्ध करण्याचा बोजा अर्जदारावरच टाकलेला आहे. ज्यांनी जात लादली त्यांना पुरावा कुणी मागत नाही, हा भाग वेगळा.

म्हणून वस्तीत मी प्रतिज्ञापत्राच्या आधी जुने कागद मागते. धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहा, न घाबरता लिहा, १९९० नंतर त्याने हक्क जात नाही. बौद्ध झालेल्यांच्या दाखल्याचा नमुनाही वेगळा आहे. पण आजोबा ज्या शाळेत दुसरी-तिसरीपर्यंत गेले, तिथल्या जनरल रजिस्टरचा उतारा १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा मिळतो का, ते मे महिन्यातच बघा. जूनमध्ये शाळेत गर्दी असते आणि जुनं रजिस्टर काढून द्यायला कुणाला वेळ नसतो.