स्वप्नांची नोंद

चित्तभ्रमातून, म्हणजे डॉक्टर ज्याला सायकोसिस म्हणतात त्यातून, बाहेर आलेल्या माणसाला झोपेचीही धास्ती वाटते. आमचा आजार ओसरून चार वर्षे लोटली; स्वप्ने मात्र अजून जुन्याच पत्त्यावर येतात. स्वप्नात आम्ही मानसरोवर स्थानकावर उभे असतो. मेट्रोची घोषणा होते आणि तीत पुढील स्थानकाऐवजी आमचे नाव पुकारले जाते. आजारात आम्हांला असेच आवाज ऐकू येत. म्हणून जाग येताच मनात येते, ते परत तर आले नाही ना?

आपल्या गावी आत्या, काकू चेहरा पाहून ओळखतात. बदलीच्या गावी ती सोय नसते. जयपुरात आम्हांला पूर्वीपासून ओळखणारी व्यक्ती एकच, आमची पत्नी. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या २००४ सालच्या ‘देवराई’ चित्रपटात भावाचा आजार बहीण सांभाळते. तो भार किती असतो, हे आम्ही घरीच पाहिले आहे.

परंतु स्वप्न म्हणजे आजार नव्हे. स्वप्नात विवेक सर्वांचाच निजतो. जागे होताच तो उठून शंका घेतो. भ्रमात मात्र माणूस जागा असूनही शंकेला जागा उरत नाही. म्हणूनच डॉक्टर स्वप्नांपेक्षा दिवसाची चौकशी अधिक करतात: झोप उडाली काय, संशय वाढला काय, माणसे टाळता काय, आणि मुख्य म्हणजे औषध परस्पर बंद केले काय.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने एक अधिकार दिला आहे. पुढे आजार बळावल्यास उपचार कोणते व्हावेत व कोणते नकोत, हे बरे असतानाच लिहून ठेवता येते. आपला प्रतिनिधीही नेमता येतो. कारकुनाचा विश्वास कागदावर! आम्ही मसुदा करावयास बसलो, तेव्हा पत्नी म्हणाली, “अहो, आणखी एक लिहा. सलग तीन रात्री झोप आली नाही, तर मी डॉक्टरांना फोन करीन. त्या वेळी तुम्ही हुज्जत घालायची नाही.”

उद्याच्या आपल्या ‘नाही’ला आजच नामंजूर करणे सोपे नसते. तरी आम्ही ते लिहिले आणि खाली सही केली. त्या कागदात स्वप्नांचे कलम घालण्याची गरज दोघांनाही वाटली नाही.