पेटीवरचा नंबर आणि खुडणारीचं नाव

निफाड

चि. छकुलीस,


परवा फोनवर तू म्हणालीस, रॉटरडॅमच्या दुकानात नाशिकची द्राक्षं दिसली आणि आत्याची बाग आठवली. मग विचारलंस, स्थलांतरित बायकांवर ब्रुसेल्सला बोलायचं तर नेपाळ, फिलिपिन्सच्या बायकांचं सांगते; आपल्या निफाडात माणसांची तस्करी कुठली? तेव्हा मी गप्प बसले. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं.

पाऊस सरला, ऑक्टोबर छाटणी लागली की पेठ-सुरगाण्याहून, पलीकडे गुजरातच्या डांगातून टोळ्या उतरतात. काडीच्या डोळ्यांना औषधाची पेस्ट लावणं, घड औषधात बुडवायचं डिपिंग, विरळणी, शेवटी खुडणी. यातलं बरंचसं काम बायकांचं. पेस्टला हातमोजे मिळतातच असं नाही. प्रत्येक टोळी वेठबिगार असते, असं मी म्हणणार नाही. कित्येक जणी स्वतः भाव ठरवतात, वर्षानुवर्षं त्याच बागेत येतात. पण काही टोळ्यांचं मूळ पावसाळ्यात असतं. घरात दाणा नसतो, तेव्हा मुकादम उचल देतो. उचल घेतो नवरा आणि फेडायला दोघंही येतात. हिशोब मुकादमाच्या वहीत. उचल फिटेपर्यंत बाईला घरी जाता येत नाही.

एका वर्षी आपल्याच बागेतली एक बाई तापानं फणफणली. घरी जाते म्हणाली. मुकादम म्हणाला, अजून उचल फिटली नाही. मी तिला गोळ्या दिल्या, चहा दिला, आणि तो त्यांचा आपसातला व्यवहार आहे असं म्हणून घरात आले. मजुरी नेहमीप्रमाणे मुकादमाच्या हातात दिली. तिच्यापर्यंत किती पोचली, हे मी विचारलं नाही. ते मला आजही सलतं.

तू तस्करीचं विचारलंस; माणसांच्या तस्करीवरचा संयुक्त राष्ट्रांचा २००० सालचा पालेर्मो करार तुला पाठ असेल. भारतानं त्याला २०११ मध्ये मान्यता दिली. त्यातल्या व्याख्येला देशाची सीमा ओलांडावी लागत नाही. अगतिकतेचा फायदा घेऊन मिळवलेली संमती तो संमती मानत नाही. आपल्या राज्यघटनेचं २३ वं कलम माणसांचा अपव्यापार आणि वेठबिगारी एकाच दमात निषिद्ध ठरवतं. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यानं वेठीचं कर्जच रद्द केलं. तरी २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, इगतपुरीच्या कातकरी वस्तीतली लेकरं थोड्या पैशांवर मेंढपाळांकडे राबायला दिल्याचं एका मुलीच्या मृत्यूनंतर उघड झालं.

आता तुझ्या कामाचं. २०१० साली लिहोसिन या औषधाच्या अंशावरून युरोपनं आपली द्राक्षं अडवली. केवढा हाहाकार झाला, आठवतं? गिऱ्हाईकानं विचारलं म्हणून आम्ही शिकलो. आज निर्यातीच्या पेटीवरच्या नंबरावरून माल कोणत्या बागेतला ते कळतं, औषधाच्या अंशाचा तपासणी अहवाल सापडतो. खुडणाऱ्या बाईचं नाव मात्र त्यात कुठेच नाही. वेठीच्या श्रमातून आलेल्या मालाला बंदी घालणारा कायदा युरोपीय संघानं २०२४ मध्ये केला; तो डिसेंबर २०२७ पासून लागू होईल. तू ब्रुसेल्सला बोलशील तेव्हा एवढं माग: मजुरीच्या वहीत बाईचं स्वतःचं नाव, मजुरी तिच्या हातात किंवा खात्यात, आणि उचलीचा कागद तिच्याजवळ. नुसतं 'माल घेऊ नका' म्हणू नकोस. खरेदी थांबली तर आधी तिचीच चूल विझेल. आणि भाव द्यायलाही सांग. रास्त मजुरी द्यायची तर शेतकऱ्याच्या हातात काही उरायला हवं.

यंदा मी वही घातली आहे. खुडणीला अकरा जणी आहेत. अकराही नावं लिहिली, दर शनिवारी मजुरी ज्या त्या बाईच्या हातात देते. चौघी सही करतात, बाकीच्या अंगठा. मुकादम चिडलाय, पुढच्या वर्षी टोळी देणार नाही म्हणतो.

तुझी,
आत्या