वाळवंटाची शिदोरी

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात. अमरावती, अकोला अन् बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरला आहे. वरून पाहाल तर काळीशार, खोल जमीन. कापूस, तूर, हरभरा डोलत असतो. पण विहीर खणली की खारं पाणी लागतं. त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, वरण शिजता शिजत नाही, अन् तेच पाणी पिकाला दिलं तर जमीन आवळून दगडासारखी होते. पावसाळा सरला की प्यायचं पाणी नदीतल्या झिऱ्यावरून यायचं. माय अन् काकू भल्या पहाटे जात, झिऱ्यात वाटीवाटीनं गुंड भरत. माझे मोठे काका मूत्रपिंडाच्या आजारानं गेले. डॉक्टरांनी कारण काही सांगितलं नाही; गावानं मात्र विहिरीकडे बोट दाखवलं.

अशा घरातून मी अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शिकायला गेलो. विषय घेतला मातीचा. शिक्षण संपलं त्या वर्षी, १९९६ च्या जानेवारीत, एका प्रकल्पावर सहा महिन्यांचं काम मिळालं. जागा होती जैसलमेर. जोधपूरला १९५९ साली केंद्र सरकारची कोरडवाहू अन् वाळवंटी शेतीची मोठी संशोधन संस्था उभी राहिली. तिला सगळे ‘काझरी’ म्हणतात. तिचं एक केंद्र जैसलमेरला आहे, अन् त्याच्या अलीकडे चांदन गावापाशी प्रयोगाचं शिवार आहे. माझा मुक्काम त्याच भागात राहणार होता.

घरी सांगितलं तेव्हा बाबा बैलांना कडबा टाकत होते.

“पाऊस किती पडते तथी?”

“दोनशे मिलिमीटरबी नाही.”

“अन् आपल्या इथं?”

“सातशे-आठशे.”

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मंग म्हणाले, “एवढ्याशा पावसात थे लोक जगतात कसे, थे पाहून ये. पगार काय, कुठंबी भेटते.”

माझ्या सामानात पहिली वस्तू पडली ती ही.

तिथं राहून आलेल्या एका सिनियरनं पोस्टकार्डावर यादी पाठवली होती. अंगभर सुती कपडे, घोट्याच्या वर येणारे बूट, विजेरी, कारण वाळूत फुरसं दिसत नाही. डोळ्यांना गॉगल. घड्याळ, कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत, कारण वाळू कुठंही शिरते. नोंदींसाठी पेन्सिल, शाई नको. घामानं शाई पसरते. शेवटी लिहिलं होतं, ‘जानेवारीत जातोस, रात्रीची थंडी हाडात शिरेल. मे महिन्यात हाच माणूस भाजून निघेल. दोन्हीची तयारी ठेव.’

मी अकोल्याच्या बाजारातून स्वेटर आणला. मायनं तो बोटांत धरून पाहिला. “सेटर काय करते बाप्पा, गोधडी घेऊन जाय.” जुन्या लुगड्यांची गोधडी वळकटीत बांधली गेली. दुपट्टे दोन. एक डोक्याला, एक ओला करून मानेवर टाकायला. कांदे दिले. उन्हाळ्यात आमच्याकडे माणूस खिशात कांदा ठेवल्याशिवाय बाहेर पडत नाही. जवसाची चटणी, मुंगवड्या, गुळाची भेली, वाटेसाठी दुधातल्या दशम्या.

“मुंगवड्या खाऱ्या पान्यातबी शिजतात,” माय म्हणाली. तिचा सगळा स्वयंपाक त्याच हिशेबावर चालायचा.

मातीचे नमुने ठेवायला कापडी पिशव्या लागतात. ओली माती प्लास्टिकमध्ये घुसमटते. कापडात ती हवेशीर वाळते. मायनं मांजरपाट आणून हातानं पिशव्या शिवल्या, प्रत्येकीला नाडी लावली. शंभराच्या वर भरल्या. शेवटच्या दोन तिनं बाजूला काढून माझ्या हातात दिल्या. “ह्या सरकारच्या नाही, तुह्या बाबाच्या.”

बाबांनी छागल आणली. छागल म्हणजे जाड किंतानाची पाण्याची पिशवी. बैलगाडीच्या दांडीला लटकायची. नवी छागल लगेच भरत नाहीत. रातभर भिजत ठेवावी लागते, म्हणजे धागे फुगतात, छिद्रं बुजतात. तरीही थोडं पाणी पाझरत राहतं. ते वाऱ्यानं उडून जातं अन् आतलं पाणी गार होतं. वारा जितका कोरडा, तितकं पाणी थंड. वाळवंटासाठी याहून चांगलं यंत्र मला कोणत्याही दुकानात दिसलं नसतं.

मी मायला सांगितलं, चांदनच्या बाजूला जमिनीखाली वाळूचा खडक आहे, त्यात गोडं पाणी सापडतं. ती शिवता शिवता थांबली.

“वायवंटात गोडं, अन् आपल्या काळ्या मातीखाली खारं?” सुई पुन्हा कापडात घालत ती म्हणाली, “देवाचा हिशेब कोनी तपासत नाही वाट्टे.”

तिकडे गेल्यावर यादीतलं सगळंच कामी आलं. रात्री गोधडी, मे महिन्यात छागल. पण मला राहून राहून बाबांचा प्रश्न आठवे. सुट्टीच्या दिवशी मी जैसलमेरच्या आसपासचे खडीन पाहायला जाई. पाचशे-सहाशे वर्षांपूर्वी पालीवाल ब्राह्मणांनी ही रीत बसवली असं सांगतात. खडकाळ उतारावरचं पावसाचं पाणी खाली सखलात मातीचा लांब बांध घालून अडवायचं. पाणी मुरू द्यायचं. पाणी ओसरलं की त्याच ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. वरून पाणी नाही. पाहून मी चमकलो. आमच्या पट्ट्यातला हरभराही असाच, मुरलेल्या ओलीवर येतो. फरक एवढाच, ते लोक आजूबाजूच्या माळाचं पाणीही एका शेतात आणत. आम्ही आमच्याच शेतातलं पाणी पूर्णेला सोडून देत होतो. घरोघरी टाकं असे. अंगणाला उतार देऊन पावसाचं पाणी जमिनीखालच्या हौदात उतरवायचं अन् झाकण लावायचं. पावसाचं पाणी गोडंच असतं. ते जमिनीखालच्या खाऱ्या पाण्याला भेटण्याआधी धरायचं, एवढीच गोष्ट.

जूनमध्ये परत आलो तेव्हा बाबांच्या दोन पिशव्या भरलेल्या होत्या, एकीत टेकाडावरची वाळू, दुसरीत खडीनची गाळाची माती. बाबांनी दोन्ही मुठीत घेऊन दाबल्या. वाळू सांडली, गाळाचा गोळा झाला.

“हे तं आपल्यासारखीच हाय,” ते म्हणाले.

पुढं शेताच्या खालच्या कोपऱ्यात त्यांनी शेततळं खोदलं. चिकण काळी माती. तळाला कागद अंथरायचीही गरज पडली नाही, पाणी थांबलं. ज्या वर्षी पावसानं भादव्यात दगा दिला, त्या वर्षी त्या पाण्यावर हरभऱ्याचं एक पेर साधलं. पहिल्यांदा तळं भरलं त्या संध्याकाळी मायनं कडेला बसून ओंजळ भरली, चाखली, अन् काही न बोलता गुंड बुडवला.