कळ

भिंती डोळ्यांसाठी असतात, कानांसाठी नसतात. गवंडी कितीही कसबी असो, तो नजरेला आडवा येतो. आवाजाला येत नाही. म्हणूनच माणूस आपले घर डोळ्यांपेक्षा कानांनी अधिक ओळखतो. अंधारात पाऊल कोणाचे वाजले, भांडे कोणाच्या हातून पडले, कडी कोणी घाईने लावली आणि कोणी रागाने, हे अंथरुणात पडल्या पडल्या सांगता येते. नवे घर आपले वाटायला सहा महिने लागतात ते याचसाठी. तोवर त्या घराचे आवाज आपल्याला ओळख देत नाहीत.

अशा आवाजांनी आधीच भरलेल्या घरात गेल्या वर्षी मी आणखी एक आवाज आणून बसवला. दिवाणखाना, स्वयंपाकघर, मुलीची खोली आणि मागच्या बाजूची माईची, म्हणजे माझ्या आईची, खोली अशा चार ठिकाणी चार स्पीकर. आणि चारही ठिकाणी एकच गाणे, एकाच वेळी. दुकानदार या प्रकाराला 'वायरलेस मल्टिरूम' म्हणतात. मला आपला जुना 'बिनतारी' हाच शब्द बरा वाटतो. गंमत एवढीच, की या बिनतारी संसारातही प्रत्येक यंत्राला विजेची एक तार लागतेच, आणि ती तार जिथवर पोचते तिथे यंत्र ठेवायला नेमकी जागा नसते. दोन एक्स्टेन्शन बोर्ड आले, तेव्हा पत्नीने शांतपणे विचारले, "अहो, तार नसलेली वस्तू आणणार होतात ना?"

हा उपद्व्याप कशासाठी, असे कोणी विचारील. आम्हा पुणेकरांच्या मनात एकत्र ऐकण्याचे एक चित्र पक्के बसलेले आहे. पुण्याचे आकाशवाणी केंद्र १९५३ साली सुरू झाले आणि १९५५ च्या रामनवमीपासून तेथून गीतरामायण ऐकू येऊ लागले. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांच्या चाली. वर्षभरात ५६ गीते. वाड्यात रेडिओ एक, आणि त्याच्याभोवती सारा वाडा गोळा झालेला. माझा जन्म त्यानंतरचा. पण हे चित्र इतक्यांच्या तोंडून ऐकले आहे, की ते मला स्वतःच्या आठवणीसारखेच वाटते. आज आमच्या घरात माणसे चार आणि गाणारी यंत्रे नऊ. मुलगी कानांत दोन बोंडे घालून अभ्यासाला बसते, पत्नी ओट्याशी मोबाईल टेकवून आपले गाणे ऐकते, आणि माई, मांडीचे हाड मोडल्यापासून, मागच्या खोलीत असते. वाटले, गाणे एक झाले तर घरही थोडे एक होईल.

मी आयुष्यभर महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवले. निवृत्तीनंतर हाताला काहीतरी हवेच होते. ही विद्या तशी अगदी नवी नाही. सोनोस या अमेरिकन कंपनीची पहिली यंत्रे २००५ साली बाजारात आली, तेव्हा आयफोन यायला दोन वर्षे होती. खोल्या निवडण्यासाठी यंत्रांसोबत हातात धरायचा एक वेगळा पडदा घ्यावा लागे. २०१८ साली ॲपलनेही एअरप्लेच्या दुसऱ्या आवृत्तीत अनेक खोल्यांची सोय केली. परंतु प्रत्येक कंपनीची यंत्रे आपल्या गोत्रातल्यांशीच सोयरीक करतात, आणि माझ्याकडचे जुने ॲम्प्लिफायर व स्पीकर तर कोणाच्याच गोत्रातले नव्हते. म्हणून मी प्रत्येकाला पत्त्यांच्या कॅटाएवढा 'रास्पबेरी पाय' नावाचा संगणक जोडला आणि त्यावर 'स्नॅपकास्ट' ही कोणालाही फुकट वापरता येणारी प्रणाली चढवली. दिवाणखान्यातला संगणक गाणे वाटणारा, बाकीचे घेणारे.

पहिली परीक्षा घेतली ती भिंतींनी. वर म्हटले की आवाजाला भिंत आडवी येत नाही. वायफायच्या लहरींना मात्र ती येते. आमचा राउटर दोन पट्ट्यांत बोलतो. ५ गिगाहर्ट्‌झची पट्टी भलती चपळ, पण जाड विटांच्या भिंतीपुढे तिचा दम लवकर संपतो. २.४ ची सावकाश चालते, पण भिंत ओलांडून जाते. मात्र त्या पट्टीत एकमेकींच्या अंगावर न येणाऱ्या वाटा तीनच : १, ६ आणि ११. आमच्या इमारतीत बहुतेक साऱ्यांचे राउटर सहाव्या वाटेवर गर्दी करून उभे. त्यातच मायक्रोवेव्ह भट्टीही २.४५ गिगाहर्ट्‌झच्या आसपासच तापते. स्वयंपाकघरात दूध गरम करायला ठेवले, की तिकडे माईच्या खोलीत गवई अडखळलाच! शेवटी राउटर दारामागच्या कोनाड्यातून काढून बोळाच्या भिंतीवर उंच चढवला, वाट अकरावी धरली, आणि गवयाचा घसा मोकळा झाला. पाहुण्यांसाठी वायफायचे वेगळे जाळे केले. त्यातून त्यांना जग दिसते, पण घरातले स्पीकर दिसत नाहीत. पाहुण्याने यावे, चहा घ्यावा. यजमानाचे गाणे बदलू नये.

खरे कोडे पुढेच होते. ते भिंतीचे नव्हते, वेळेचे होते. चार खोल्यांत एकच गाणे लावणे अवघड नाही; ते एकाच क्षणी लावणे अवघड आहे. प्रत्येक यंत्राच्या पोटात क्वार्ट्‌झच्या स्फटिकावर चालणारे एक घड्याळ असते, आणि कोणतीही दोन घड्याळे अगदी एका चालीने चालत नाहीत. दहा लाखांत वीस ठोक्यांचा फरक म्हणजे काहीच नाही असे आपण म्हणू. पण त्या हिशेबाने तासाभरात दोन खोल्यांमध्ये ७२ मिलिसेकंदांचे अंतर पडते. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ साली दाखवून दिले, की तोच आवाज थोड्या अंतराने दुसरीकडून पुन्हा आला तर कान दोघांना एकच समजतो, आणि जो आधी पोचला त्याच्याच दिशेने तो आला असे मानतो. ही उदारता बोलण्याच्या बाबतीत सुमारे ३० ते ४० मिलिसेकंदांपर्यंत टिकते. त्यापुढे कान कुरकुरू लागतो. शब्दावर शब्द चढतो आणि अर्थ चुरगळतो. तरुण कान त्यातूनही वाट काढतात. पंच्याऐंशी उलटलेल्या माईच्या कानांना ते जमत नाही.

यावरचा उपाय मला फार आवडला. वाटणारा संगणक गाण्याचे बारीक तुकडे करतो आणि प्रत्येकावर वेळेचा शिक्का मारतो : हा तुकडा अमुक क्षणी वाजवायचा. घेणारे संगणक आपले घड्याळ पुन्हा पुन्हा त्याच्या घड्याळाशी ताडून पाहतात. कोणी पुढे जाऊ लागला किंवा मागे पडू लागला, तर सेकंदाच्या हजारांशाहूनही लहान असा एखादा कण गाळून वा दुप्पट करून त्याला रांगेत आणले जाते. कानाला पत्ता लागत नाही. अशा रीतीने खोल्याखोल्यांतला फरक साधारणपणे एका मिलिसेकंदाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत राहतो. दिवाणखान्यापासून माईच्या उशापर्यंत अंतर तीस फुटांचे. हवेतून तेवढे अंतर कापायला आवाजाला सुमारे २७ मिलिसेकंद लागतात. म्हणजे आता यंत्रे इतकी एकजीव झाली, की उरलेला उशीर केवळ हवेचा; आणि तो हासच्या मर्यादेत बसतो.

या सगळ्याची किंमत म्हणजे एक सेकंद. तुकडा हाती आला रे आला की वाजवून टाकला, असे कोणीच करत नाही. प्रत्येक जण तो जवळ बाळगून एक सेकंद थांबतो, कारण भिंतीपलीकडच्या एखाद्याकडे तो अजून पोचायचा असतो. पत्नी म्हणते, "बटण दाबलं की लगेच का नाही लागत?" मी म्हणतो, "जरा कळ काढ. ते माईच्या खोलीसाठी थांबलंय."

एवढे जमल्यावर मी खूश होतो. खूश नव्हती ती माई.

चार दिवस ती काही बोलली नाही. पाचव्या दिवशी मी तिच्या उशाशी बसलो असताना म्हणाली, "माणूस दारात उभं राहून 'येऊ का' म्हणून विचारतं तरी. तुझं गाणं एकदम उशाशी येऊन बसतं." मी म्हटले, आवाज कमी करतो. त्यावर ती म्हणाली, "कमी-जास्ताचं नाही रे. ते सुरू झालं की मला घर ऐकू येत नाही. पोर जेवली का, दारात कोण आलं, तू औषध घेतलंस का, हे मला इथे पडून सगळं कळत असतं. ते सगळं तुझ्या गाण्याखाली जातं."

मुलीला हे सांगितले, तर तिच्याकडे उत्तर तयार होते. "मग आजीची खोली गटातून काढून टाका ना, बाबा!" खरोखरच ते इतके सोपे होते. मोबाईलच्या पडद्यावर चार खोल्यांची चार नावे, नावापुढे आवाजाची एकेक रेघ. एका बोटाने खोली गटात घ्यावी, एका बोटाने काढावी. पण तेच मला टोचू लागले. बोट आमचे. आम्ही घेतली की ती आत, आम्ही काढली की ती बाहेर. पंच्याऐंशी वर्षे जगलेल्या बाईच्या खोलीत गाणे असावे की शांतता, हे तिघे जण ठरवणार, आणि त्या तिघांत ती नाही.

मी माईला वाड्यातल्या रेडिओची आठवण दिली. म्हटले, तेव्हा नाही का तुम्ही सारे एकत्र ऐकत होता? ती हसली. "रेडिओ मालकांच्या ओसरीवर असायचा. पुरुष ओसरीवर, आम्ही मुली-बायका माजघरात. गीतरामायणाचं सोड, ते पुरं ऐकू यायचं. बाकी गाणी मालकांना कंटाळा येईपर्यंत. मध्येच उठून कट्‌कन बंद करायचे. अर्ध्यात बंद झालेली ती गाणी मला अजून अर्धीच येतात. एकत्र ऐकत होतो हे खरंच रे. पण कान आमचे आणि कळ त्यांची."

सोळा वर्षांची एक मुलगी माजघराच्या उंबऱ्यापाशी बसून कडवे पुरे होण्याची वाट पाहते आहे, हे त्या वाड्याच्या चित्रात मला आजवर कोणी दाखवले नव्हते.

दुसऱ्याच दिवशी मी तिच्या खोलीतला जुना ॲम्प्लिफायर कपाटावरून खाली काढला आणि तिच्या उजव्या हाताशी स्टुलावर ठेवला. त्याला आवाजाची एक जाडजूड गोल कळ आहे. संगणक आणि ॲप यांचे राज्य त्या कळीच्या अलीकडे संपते. मोबाईलवरून मी आवाज टोकाला नेला, तरी माईने कळ शून्यावर ठेवली असेल तर तिच्या खोलीत टाचणी पडलेलीही ऐकू येईल. या नव्या यंत्रांच्या जगात जुन्या यंत्राची एवढी थोरवी मला प्रथमच पटली.

माई दिवसभर कळ बंद ठेवते आणि घर ऐकते. संध्याकाळी कधी स्वतःच फिरवते, आणि मग बोळाच्या दोन्ही टोकांना एकच गाणे, एकाच मात्रेला. कधी आठवडाभर फिरवत नाही. आपल्या भाषेत कळ म्हणजे यंत्राची कळ, आणि कळ काढणे म्हणजे दुसऱ्यासाठी धीर धरणे. पहिली ज्याची त्याच्या हातात असावी आणि दुसरी सर्वांना यावी, एवढे झाले तर चार भिंतींआडची माणसे एकत्र ऐकतात असे म्हणायला माझी हरकत नाही.

एक अडचण तेवढी राहिली आहे. मोबाईलच्या पडद्यावर माईची खोली नेहमी चालूच दिसते. गाण्याचे तुकडे तिच्यापर्यंत बिनचूक पोचत असतात. त्यापुढची कळ उघडी आहे की मिटलेली, हे पडद्याला कळत नाही. ती ऐकते आहे का, हे जाणून घ्यायचे, तर आपण उठावे, बोळातून तीस फूट चालत जावे आणि तिच्या दारात उभे राहून विचारावे : माई, येऊ का?