टाचणी आणि दीड एकर

एखादा धंदा कसा चालला आहे हे ताळेबंदावरून समजते. तो टिकेल का, हे मात्र ताळेबंदात लिहिलेले नसते. बँकेच्या लघुउद्योग विभागात तीस वर्षे कर्जप्रकरणे हाताळल्यानंतर माझ्यापाशी उरलेले शहाणपण एवढेच आहे. उद्यमबागेतल्या ओतकामाच्या कारखानदारांपासून मच्छेच्या बाजूच्या लेथवाल्यांपर्यंत कितीतरी माणसे माझ्या टेबलासमोर बसून गेली. प्रत्येकाजवळ मागणीचे पत्र असे, यंत्राचे दरपत्रक असे आणि डोळ्यांत उमेद असे. कागद चाळताना मी मनाशी एकच विचारत असे : उद्या ह्याच्या शेजाऱ्याने हीच वस्तू थोडी स्वस्त देऊ केली, तर गिऱ्हाइकाने ह्याच्याकडेच का राहावे? ज्याच्याजवळ ह्याचे उत्तर असे, त्याचे कर्ज बहुधा फिटत असे.

निवृत्त होऊन हिंडलग्यास स्थायिक झाल्यावर हे प्रश्न संपतील अशी माझी समजूत होती. पण गेल्या वर्षी ते माझ्या धाकट्या बहिणीच्या घरातच उभे राहिले. तिच्या मुलाचा उद्यमबागेत छोटासा कारखाना आहे; दोन संगणकीय लेथ, चार कामगार. विजेचे कनेक्टर आणि सेन्सर बनविणाऱ्या एका कंपनीने त्याच्याकडे बारीक पिना कातून देण्याविषयी विचारणा केली. त्यासाठी वेगळ्या प्रकारचे, महागडे लेथ लागतात. मागणी वाढत जाणार, तेव्हा एकदम तीन घ्यावेत असा त्याचा बेत. आणि भांडवल? वेंगुर्ला रस्त्याच्या अंगाला बहिणीच्या नावावर दीड एकर शेत आहे. बेळगाव शहर ह्या बाजूला सरकत आल्याने त्याला चांगला भाव आला आहे, ते विकायचे. बहीण मला म्हणाली, "दादा, कंपनी मोठी आहे म्हणतो. तू एकदा नीट बघून सांग. शेत गेलं की गेलंच."

मोठी आहे ह्याचा अर्थ काय, हे पाहणे माझ्याकडे आले. त्या कंपनीचे कागद मला कोण दाखवणार? पण एखाद्या धंद्याची रीत समजून घ्यायची, तर त्यातल्या थोरल्या घराण्यांचे वार्षिक अहवाल कोणालाही वाचता येतात. पुढचे दोन महिने मी तेच वाचले.

कनेक्टर नाही असे घर आज सापडणार नाही. दूरध्वनीच्या चार्जरचे टोक, दुचाकीच्या दिव्यामागची तारांची जोडणी, दूरचित्रवाणीच्या पाठीमागच्या खोबणी, हे सारे कनेक्टरच. एका बाजूला पीन, दुसऱ्या बाजूला तिला धरून ठेवणारी धातूची स्प्रिंग. पण ह्या साध्या वस्तूत बारकावा पुष्कळ. तांब्याच्या मिश्रधातूवर निकेलचा थर आणि त्यावर सोन्याचा मुलामा, तोही बहुधा एका मायक्रॉनपेक्षा पातळ. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. सोने गंजत नाही म्हणून हा खटाटोप. कथिलाचा मुलामा स्वस्त पडतो. पण सतत हादरे बसणाऱ्या जागी तो घासला जाऊन त्याची बारीक, वीज न वाहणारी भुकटी साचते आणि एके दिवशी यंत्र विनाकारण बंद पडल्यासारखे वाटते. सेन्सर हा ह्याच कुळातला. उष्णता, दाब, ओल किंवा हालचाल ह्यांची वार्ता तो विजेच्या भाषेत सांगतो, आणि ती वार्ता पुढे जाते ती कनेक्टरमधूनच.

ह्या धंद्याची मुळे रेडिओच्या काळात आहेत. १९३२ साली शिकागोत आर्थर श्मिट ह्यांनी अमेरिकन फेनॉलिक कॉर्पोरेशन ही कंपनी काढली. रेडिओचे व्हॉल्व्ह बसविण्याच्या खोबणी प्लॅस्टिकमध्ये साच्यातून काढणे, हे तिचे पहिले काम. तीच आजची अ‍ॅम्फेनॉल. पुण्याजवळ भोसरीतही तिचा कारखाना आहे. १९४१ साली अंकस व्हिटेकर ह्यांनी दुसरी एक कंपनी स्थापन केली. डाख न लावता तारेच्या टोकावर धातूचे टोपण दाबून बसविण्याची पद्धत तिने रूढ केली, आणि तिचा वारसा आज टीई कनेक्टिव्हिटी ह्या नावाने चालतो. २०२४ साली अ‍ॅम्फेनॉलची विक्री सुमारे १,५२० कोटी डॉलर झाली आणि व्याज व कर वजा जाण्यापूर्वीचा नफा शेकडा वीसहून थोडा अधिक होता. ओतकामाच्या धंद्यात शेकडा आठ-दहा मिळाले तरी पेढे वाटणारे लोक मी पाहिले आहेत. टाचणीएवढ्या वस्तूवर एवढा नफा कसा सुटतो?

पहिले कारण असे की, ही वस्तू किमतीने लहान आणि परिणामाने मोठी आहे. सप्टेंबर २०११ मध्ये इटलीतील शास्त्रज्ञांनी जगाला चकित केले. जिनिव्हाजवळच्या सर्न येथून निघालेले न्यूट्रिनो कण ७३० किलोमीटरवरच्या ग्रान सासो प्रयोगशाळेत प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी पोचले, असे त्यांचे मोजमाप होते. आइन्स्टाइन चुकले की काय, अशी चर्चा झाली. पुढे २०१२ मध्ये मुख्य कारण सापडले : वेळ मोजणाऱ्या यंत्रणेतील प्रकाशतंतूचा एक कनेक्टर नीट बसलेला नव्हता! एवढासा जोड सैल राहिला आणि नामवंत प्रयोग हास्यास्पद ठरला. असे असताना विमान किंवा मोटार बनविणारा गृहस्थ चार पैसे वाचविण्यासाठी अपरिचित कनेक्टर का घेईल?

दुसरे कारण मंजुरीचे. मोटारीचा एखादा भाग स्वीकारण्यापूर्वी नमुने, मोजमापांचे तक्ते, प्रक्रियेचे कागद ह्यांची कसून छाननी होते. विमानांच्या बाबतीत तर हे काम वर्षानुवर्षे चालते. एकदा मंजुरी मिळाली की ते मॉडेल चालू असेतो सहसा कोणी बदल करीत नाही, कारण बदल म्हणजे सगळी परीक्षा पुन्हा. म्हणजे ह्या कंपन्यांचे खरे धन त्यांच्या गोदामात नसून गिऱ्हाइकांच्या मंजूर नकाशांवर असते.

तिसरे कारण कारभाराचे. अ‍ॅम्फेनॉलमध्ये शंभराहून अधिक व्यवस्थापक आपापला विभाग स्वतंत्र दुकानासारखा चालवितात. नफ्यातोट्याची जबाबदारी त्यांची. लाखो प्रकारच्या बारीक वस्तू करायच्या, तर एकाच मोठ्या कचेरीतून हुकूम सोडून भागत नाही. चौथे कारण, ओळखीच्या घरात दुसरी वस्तू विकता येते. म्हणूनच अ‍ॅम्फेनॉलने २०१३ साली जनरल इलेक्ट्रिकचा सेन्सरांचा एक विभाग घेतला आणि टीईने २०१४ साली मेझरमेंट स्पेशॅलिटीज ही सेन्सरांची कंपनी घेतली. जो अभियंता कनेक्टर मंजूर करतो, त्याच्याच टेबलावर सेन्सरचाही नकाशा असतो.

ह्या बळाला मर्यादाही आहेत. कित्येक कनेक्टरांचा आकार सर्वमान्य मानकांनी ठरलेला असतो. तो कोणालाही बनविता येतो आणि तिथे भावाची मारामारी चालते. सोने-तांब्याचे भाव कोणाच्या हाती नाहीत. अलीकडे संगणकांच्या प्रचंड केंद्रांकडून आलेल्या मागणीने ह्या कंपन्यांना भरती आली आहे. पण भरतीचे पाणी हे विहिरीचे पाणी नव्हे.

इथवर वाचून मी भाच्याला म्हणालो, "धंदा भक्कम आहे." त्याचा चेहरा उजळला. तो म्हणाला, "मग मामा, शेताचा व्यवहार ठरवू या." मी त्याला खाली बसविले, कारण माझे बोलणे अर्धेच झाले होते. कंपनीचे बळ हे कंपनीचे. पिना कातून देणाऱ्याचे बळ वेगळे मोजावे लागते. जी फूटपट्टी तिला लावली, तीच आता तुझ्या कारखान्याला लावू.

आम्ही कागदावर लिहीत गेलो. पीन बिघडली तर बदनामी कोणाची? ज्याचे नाव कनेक्टरवर आहे त्याची. मग विश्वासाचा नफाही त्याचाच. सोन्याचा मुलामा कोण देणार? कंपनी, स्वतःकडे. म्हणजे अवघड भाग तिच्या हाती आणि भाच्याच्या हाती धातू कातणे, जे पुण्यात, बंगळूरात आणखी अनेकांना येते. गिऱ्हाईक किती? एक. भाच्याला बदलून दुसरा कातारी आणायला त्यांना किती काळ लागेल? ह्या प्रश्नावर तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मंजुरी मिळेपर्यंत, एक आठवडा. मंजुरी मिळाल्यावर, वर्षभर तरी." त्याच्या ह्या उत्तरात सारे आले होते. मंजुरीपूर्वी तीन यंत्रे घेणे म्हणजे दुसऱ्याच्या वाड्याच्या भिंतीला टेकून आपले छप्पर उभारणे.

निपाणीहून बेळगावकडे येताना हत्तरगीला एक्वसचे विमानांच्या सुट्या भागांचे केंद्र लागते. एअरबस, बोइंगसारख्या कंपन्यांसाठी तिथे काम होते. त्याकडे बोट दाखवून भाचा म्हणे, "ते लोक इथूनच करतात ना?" करतात, पण धातू घडविणे, कातणे आणि त्यावर रासायनिक प्रक्रिया करणे, ही सारी साखळी त्यांनी एका जागी आणली. गिऱ्हाइकाला एक दुवा काढून टाकणे तिथे सोपे नाही. आपणही कोणता दुवा असा धरू शकतो, हे शोधायला हवे.

शेवटी ठरले ते असे. एकच यंत्र घ्यायचे. २००० सालापासून केंद्र सरकारची सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी पतहमी योजना आहे. तिच्याखाली घर-जमीन तारण न ठेवता कर्ज मिळू शकते. अर्ज तिच्याखाली केला. उरलेली शिल्लक दुसऱ्या यंत्रात न घालता मोजमापाच्या खोलीत घातली. वातानुकूलन, प्रकाशाने मोजणारे उपकरण आणि प्रत्येक गठ्ठ्याची नोंदवही. पीन कोणीही कातील. पण पाच वर्षांपूर्वीची पीन कोणत्या सळईतून कातली, हे कागदावर दाखविणारा कातारी सहजी मिळत नाही. शिवाय पंप आणि झडपा बनविणाऱ्या दोन स्थानिक कारखान्यांचे कामही त्याच यंत्रावर घ्यायचे, म्हणजे एका गिऱ्हाइकाच्या मर्जीवर चूल पेटायला नको.

भाच्याला हे सगळे पटले असे मी म्हणणार नाही. "मामांनी बँकेतली कात्री घरी आणली," असे तो आईजवळ म्हणाला. त्याच्या म्हणण्यातही तथ्य आहे. धाडस न करणाऱ्यांनी उद्यमबाग वसविली नाही, आणि तीन यंत्रे तयार असलेला दुसरा कोणी ही मागणी घेऊन जाईल, हा धोका खराच आहे. तो पत्करायचा की शेत पत्करायचे, ह्यात निवड करायची होती; बहिणीने ती स्वतः केली.

आपल्यापैकी पुष्कळांची मुले आज कोठे नोकरी धरावी, कोणाचे भाग विकत घ्यावेत, कोणाला माल पुरवावा, हे विचारीत घरी येतात. बडोद्यास असोत, इंदुरास असोत वा बेळगावास, सांगतात ते कंपनीचे मोठेपण. ते ऐकून घ्यावे. मग एवढेच विचारावे की, त्या मोठेपणात तुझा वाटा कोणता, आणि तो काढून घ्यायला किती दिवस लागतील?

पाचशे पिनांचा पहिला नमुना मागील महिन्यात रवाना झाला आहे. मंजुरीचे पत्र अजून यायचे आहे. शेतात ह्या वर्षी भात चांगले आहे.